ट्रॅक्टरचे स्टिअरिंग : दोष बॉक्समध्ये की आणखी कुठे?

कापडाच्या दुकानदाराने ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण तालुक्याच्या गावात कापडाचा धंदा शेतकऱ्याच्या खिशावर चालतो, आणि तो खिसा बियाणे-खतानंतर जर कुठे रिकामा होत असेल तर तो ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये. आमच्या दुकानामागच्या गल्लीत गॅरेजची रांगच आहे. मिस्त्री, फिटर, वेल्डर, टायरवाले, लेथवाले, बहुतेक आपल्याच समाजाचे. जालना, परभणी, बीड, लातूर, कुठेही जा, बाजारपेठेच्या टोकाला अशी एक गल्ली सापडतेच. गिऱ्हाईक नसले की माझी बैठक तिथेच असते. बसून बसून जे पाहिले आणि उस्ताद लोकांना विचारून जे समजून घेतले, ते या पानाच्या वाचकांपुढे ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

जुना ट्रॅक्टर म्हणजे आपल्याकडे टाकाऊ वस्तू नव्हे. हिंदुस्थानात पहिला ट्रॅक्टर आयशर कंपनीने १९५९ साली फरीदाबादला बनवला. मद्रासची टॅफे कंपनी १९६० ची. मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने उभी राहिलेली. इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर महिंद्राचा करार १९६३ सालचा. या घराण्यांतले वीस-तीस वर्षांचे ट्रॅक्टर आजही नांगर ओढतात, ऊस वाहतात, लग्नाची वऱ्हाडेसुद्धा नेतात. इंजिन दोनदा-तीनदा खोलून पुन्हा बांधले जाते, पंप कॅलिब्रेट होतो, टायर बदलतात. पण स्टिअरिंगकडे मालकाचे लक्ष तेव्हाच जाते, जेव्हा ट्रॅक्टर सरळ रस्त्याने सापासारखा चालू लागतो. आणि तोपर्यंत मागे दोन ट्रॉल्या उसाच्या लावलेल्या असतात, रात्रीची वेळ असते, समोरून एसटी येत असते.

गल्लीतले नेहमीचे दृश्य असे. शेतकरी येतो आणि म्हणतो, "मिस्त्री, स्टिअरिंगमध्ये लई ढिलाई आलीय, बॉक्स खोलून टाका." तरुण मिस्त्री लगेच पाना उचलतो. बॉक्स खोलला की सामानाची चिठ्ठी मोठी होते, मजुरीही चांगली मिळते. दोन दिवसांनी ट्रॅक्टर बाहेर पडतो, आठवड्याने पुन्हा दारात उभा. कारण दोष बॉक्समध्ये नव्हताच; तो होता एका बॉल जॉइंटमध्ये, ज्याची किंमत बॉक्सच्या सामानापुढे काहीच नाही. शेतकऱ्याचे पैसे गेले, मिस्त्रीचे नाव गेले. आणि नाव एका मिस्त्रीचे जात नाही, पूर्ण गल्लीचे जाते.

आमच्या गल्लीत एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांची रीत वेगळी आहे. ते आधी पान्याला हात लावत नाहीत. आधी विचारतात, "पाटील, ढिला लागतो की जड लागतो? एका बाजूला ओढतो की दोन्हीकडे भटकतो? रिकामा असताना होतं की ट्रॉली लावल्यावर? कधीपासून? त्याच्या आधी कुठे आदळला होता का? टायर बदलले होते का?" शेतकरी वैतागतो. पण अर्धे काम या सवालांनीच होते. ढिले स्टिअरिंग, जड स्टिअरिंग, एकीकडे ओढणारे आणि थरथरणारे, ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. चौघांना एकच औषध देणारा हकीम काय कामाचा?

मग चाचा टायरची हवा बघतात. हे ऐकून हसू येईल, पण पुढच्या दोन टायरांत हवा कमी-जास्त असली तर ट्रॅक्टर कमी हवेच्या बाजूला ओढतो, आणि दोन्हींत कमी असली तर स्टिअरिंग जड होते. जड झालेल्या स्टिअरिंगसाठी बॉक्स खोलून बसलेले लोक मी पाहिले आहेत, आणि टायर मात्र जमिनीवर पसरलेले. हवा किती हवी ते कंपनीच्या पुस्तकात असते, तेवढीच ठेवावी. दोन्ही टायर एकाच मापाचे आणि साधारण एकसारखे झिजलेले असावेत. एक नवा आणि एक गुळगुळीत, ही जोडी आपल्याकडे फार चालते. ती ट्रॅक्टरला नेहमी एकीकडे खेचत राहते.

यानंतरची तपासणी या सगळ्या लेखाचा गाभा आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

साध्या, म्हणजे पॉवर नसलेल्या स्टिअरिंगवर इंजिन बंद करावे, चाके सरळ ठेवावीत, ट्रॅक्टर सपाट जमिनीवर उभा करावा. एक माणूस सीटवर बसवावा. त्याने स्टिअरिंग फक्त ढिलाईपुरते डावी-उजवीकडे हलवत राहायचे, चाके वळवायची नाहीत. काठावर खडूने खूण करून ही ढिलाई मोजावी. इंच-दोन इंच असेल तर जुन्या ट्रॅक्टरला चालते. तीन इंचांच्या पुढे गेली तर रस्त्यावर काढू नये. आता दुसऱ्या माणसाने खाली वाकून साखळीच्या एकेका कडीवर बोट ठेवत पुढे जायचे. स्टिअरिंगचा दांडा हलतो का? हलतो. तो हलताच बॉक्समधून बाहेर आलेला ड्रॉप आर्म हलतो का? दांडा हलतो आणि ड्रॉप आर्म उशिरा हलतो, तर ढिलाई बॉक्समध्ये आहे. शाफ्ट हलतो पण त्याच्यावर बसवलेला आर्म हलत नाही, तर आटे, म्हणजे स्प्लाइन, झिजले आहेत किंवा नट सैल आहे. ड्रॉप आर्म बरोबर हलतो आणि पुढची ड्रॅग लिंक उशिरा हलते, तर मधला बॉल जॉइंट गेला. लिंक हलते आणि चाकावरचा आर्म हलत नाही, तर पुढच्या टोकाचा बॉल जॉइंट. आर्म हलतो आणि स्पिंडल हलत नाही, तर आर्म स्पिंडलवर सैल झाला आहे, किंवा त्याची चावी खाल्ली गेली आहे.

जिथे हालचाल हरवते तिथे दोष. बस, एवढेच. मालेगावच्या लूमवर कापडात दोष दिसला की जाणकार जॉबर माग खोलत बसत नाही. दोरा बीमपासून धरून पुढे येतो आणि कुठे अडकतो ते बघतो. हेही तसेच आहे. जॉइंटवर बोट अर्धे एका भागावर आणि अर्धे दुसऱ्यावर ठेवावे, कारण डोळ्याला जी हालचाल दिसत नाही ती बोटाला कळते. आणि ढिलाई बहुधा एकाच ठिकाणी नसते. जुन्या ट्रॅक्टरात पाच जागी थोडी-थोडी असते आणि स्टिअरिंगवर येईपर्यंत तिची बेरीज होते. पाचही जागा लिहून काढाव्यात, सर्वांत मोठी आधी दुरुस्त करावी आणि पुन्हा मोजावे.

मॅसीच्या ३५ च्या वंशातल्या ट्रॅक्टरांची रचना इथे समजून घेतली पाहिजे, कारण आपल्या भागात ते पुष्कळ आहेत. हॅरी फर्ग्युसनचा छोटा ट्रॅक्टर, टीई-२०, १९४६ साली इंग्लंडात कॉव्हेंट्रीला तयार होऊ लागला. त्याच घराण्यात पुढे ३५ आला आणि १९६४ च्या अखेरीस १३५. या आखणीत स्टिअरिंग बॉक्सला दोन्ही बाजूंनी एकेक ड्रॉप आर्म असतो आणि प्रत्येक चाकाला आपली स्वतंत्र लिंक. दोन चाकांना जोडणारा आडवा टाय रॉड नसतोच. म्हणून एकच चाक डुगडुगत असेल आणि दुसरे शांत असेल, तर शोध त्याच बाजूला घ्यावा. ज्या ट्रॅक्टरला एकच ड्रॉप आर्म आणि मधे टाय रॉड असतो, तिथे गणित उलटे: ड्रॅग लिंक सैल असेल तर दोन्ही चाके एकत्र भटकतात, टाय रॉडचे टोक सैल असेल तर एक चाक स्टिअरिंगचे ऐकते आणि दुसरे आपल्या मर्जीने चालते. शागिर्दाला हा फरक पहिल्या दिवशी शिकवायला हवा. आमच्याकडे तो पाच वर्षांनी कळतो, तोही मार खाऊन.

फर्ग्युसनच्या आखणीत आणखी एक गोष्ट आहे. पुढच्या धुऱ्यापासून मागे गिअर बॉक्सच्या बाजूला येणारे दोन रॉड असतात, त्यांना रेडियस रॉड म्हणतात. त्यांच्या मागच्या टोकाला गोळा असतो. हा गोळा सैल झाला की पुढचा धुरा मागे-पुढे सरकतो आणि ट्रॅक्टर रस्त्यावर भटकतो. स्टिअरिंगच्या साखळीत सगळे ठीक असते, तरी ट्रॅक्टर भटकतो! मिस्त्री बॉक्स कसत राहतो. धुऱ्याच्या मधल्या पिनचेही तसेच. पुढचा धुरा त्या एका पिनवर झुलतो. पिन आणि बुश झिजले की पूर्ण धुराच तिरका होतो. मधली पिन तपासायची तर जॅक धुऱ्याखाली लावून उपयोग नाही. वजन धुऱ्यावरच राहते आणि ढिलाई दबून जाते. जॅक पुढच्या सपोर्टखाली लावावा, धुरा मोकळा लटकू द्यावा, मग पहारीने मागे-पुढे ढकलून पाहावे.

जॅकचा विषय निघाला म्हणून सांगतो. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, हँड ब्रेक, आणि जॅकच्या जोडीला मजबूत लाकडी ठोकळे किंवा लोखंडी स्टँड, यांशिवाय कुणीही खाली जाऊ नये. एकट्या जॅकच्या भरवशावर ट्रॅक्टरखाली झोपणाऱ्या पोरांना उस्तादाने कान धरून बाहेर काढावे. तवक्कल म्हणजे आधी उंट बांधणे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे.

चाक वर उचलले की ते वर-खाली धरून हलवावे, मग डावी-उजवीकडे धरून हलवावे. वर-खाली हलत असेल तर दोनच जागा: हबची बेअरिंग किंवा स्पिंडलचे बुश. दोन्हींत फरक कसा करायचा? हलवताना स्पिंडल आणि धुरा यांच्या सांध्याकडे बघावे. तिथे हालचाल दिसली तर बुश गेले. तिथे सगळे स्थिर आणि फक्त हब हलतो, तर बेअरिंग. बेअरिंग टेपर रोलरची असते. बहुतेक वेळा ती गेलेली नसते, फक्त सैल झालेली असते. चाक फिरवत नट कसायचा, चाक जड होऊ लागले की थोडा मागे घ्यायचा आणि स्प्लिट पिन नवी घालायची. जुनीच पिन सरळ करून घालणे ही कंजूषी कशासाठी, मला कधी समजले नाही. भातखाचरात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरांचे पुढचे हब पाण्यात बुडतात, त्यामुळे कोकणात आणि मावळात सील आणि ग्रीस यांकडे जास्त लक्ष द्यावे लागते. हब उघडल्यावर ग्रीस दुधाळ दिसले तर पाणी आत शिरले असे समजावे.

आता जड स्टिअरिंग. हवा ठीक आहे, तरी जड आहे. इथे एकच युक्ती, आणि ती फुकट आहे: ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडवा. आता स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. हलके फिरले तर बॉक्सला हात लावू नका, दोष पुढे आहे. तरीही जड असेल तर दोष बॉक्समध्ये किंवा दांड्याच्या वरच्या बुशमध्ये. इतकी सोपी कसोटी, पण ती न करता बॉक्स खोलला जातो. दोष पुढे असेल तर बहुतेक वेळा तो स्पिंडलमध्ये निघतो. सगळ्या पुढच्या भागाचे वजन स्पिंडलच्या थ्रस्ट बेअरिंगवर असते. त्याला ग्रीस मिळाले नाही तर ते सुकते, गंजते, फुटते. इथे मालकांची एक तक्रार असते, "ग्रीस तर दर आठवड्याला मारतो, चाचा." मारत असेलही, पण चाके जमिनीवर असताना मारलेले ग्रीस वजनाखाली दबलेल्या जागेत जात नाही. जिथे मोकळी वाट मिळेल तिथून बाहेर येते. चाक उचलून, स्पिंडल डावी-उजवीकडे फिरवत ग्रीस मारावे, आतला काळा माल बाहेर येईपर्यंत. निपल बंद असेल तर बदलावा. निपल चार-दोन रुपड्यांची वस्तू आणि स्पिंडल हजारोंची. बुश बदलण्याआधी एकदा असे ग्रीस मारून दोन दिवस ट्रॅक्टर चालवून बघायला हरकत नाही, बऱ्याचदा तेवढ्याने भागते.

बॉक्सबद्दल मी सर्वांत कमी लिहिणार आहे, कारण तो सर्वांत शेवटी खोलायचा असतो. आधी त्यातले तेल बघावे. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांच्या बॉक्समध्ये तेलाच्या जागी पाणी निघते. वरून दांड्यावाटे पावसाचे पाणी उतरते आणि आतले छर्रे गंजतात. मग कसण्याचा स्क्रू. हा स्क्रू म्हणजे आळशी मिस्त्रीचे अत्तर आहे. थोडा फिरवला की ढिलाई गायब आणि गिऱ्हाईक खूश. पण ट्रॅक्टर बहुतेक वेळ सरळ चालतो, म्हणून बॉक्सचे दाते मधोमध जास्त झिजतात आणि कडांना कमी. मधली ढिलाई पूर्ण काढण्याइतके कसले की वळणावर स्टिअरिंग आवळते, कधी अडकते. वळणावर अडकलेले स्टिअरिंग ढिल्या स्टिअरिंगहून जास्त धोक्याचे. म्हणून आधी दांड्याच्या बेअरिंगची ढिलाई शिम काढून दुरुस्त करावी, मग स्क्रू, आणि प्रत्येक वेळी दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघावे. कुठेही आवळले तर स्क्रू मागे घ्यावा. मधली ढिलाई तरीही राहत असेल तर दाते संपले. मग नवे सामान, दुसरा इलाज नाही.

ट्रॅक्टर एका बाजूला ओढत असेल तर मिस्त्रीने पुढे बघण्याआधी मागे बघावे. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात, शेतात वळण्यासाठी. एका बाजूचा ब्रेक चिकटत असेल तर ट्रॅक्टर तिकडे ओढणारच. उतरावर उभे राहून दोन्ही ड्रमला हात जवळ नेऊन पाहावे, एक तापलेला आणि एक थंड असेल तर स्टिअरिंगचा काही गुन्हा नाही. आणि रस्त्यावर जाताना दोन्ही पेडल खटक्याने एकत्र जोडलेली असली पाहिजेत. हा खटका कित्येक जुन्या ट्रॅक्टरांना उरलेलाच नाही. वेगात एकच पेडल दाबले गेले की ट्रॅक्टर गर्रकन फिरतो आणि उलटतो, आणि पंचनाम्यात "स्टिअरिंग फेल" लिहिले जाते. गॅरेजमध्ये आलेल्या प्रत्येक ट्रॅक्टरचा खटका तपासून द्यावा, मालकाने सांगितले नसले तरी. तसेच डिफरेन्शियल लॉक लागून राहिला असेल तर ट्रॅक्टर वळायलाच नकार देतो. त्याचाही दोष लोक स्टिअरिंगला देतात.

धुऱ्याची रुंदी बदलणारे शेतकरी कधी एका बाजूला एक भोक जास्त सोडतात, दुसऱ्या बाजूला विसरतात. टाय रॉडवाल्या ट्रॅक्टरात रुंदी बदलली आणि रॉडची लांबी तशीच ठेवली तर चाके तिरकी उभी राहतात. हे मोजायला सुतळी आणि खडू पुरे. दोन्ही चाकांच्या पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर, टायरच्या मधोमध खडूची खूण करा आणि अंतर मोजा. ट्रॅक्टर ढकलून खुणा मागे त्याच उंचीवर आणा, पुन्हा मोजा. पुढचे माप मागच्याइतके किंवा त्याहून किंचित कमी असावे, पाव इंचापर्यंत, नेमके माप पुस्तकात पाहावे. पुढचे माप जास्त निघाले, म्हणजे चाके बाहेर पाहत असली, तर ट्रॅक्टर भटकेल आणि टायर आतून झिजतील. मात्र हे माप सगळी ढिलाई काढल्यानंतरच घ्यावे. सैल जॉइंटांवर घेतलेले माप म्हणजे ओल्या कापडाचे माप, वाळल्यावर वेगळेच निघते.

आणि एक दोष असा आहे, जो कुठल्याच मिस्त्रीला दुरुस्त करता येत नाही. "रिकामा ट्रॅक्टर मस्त चालतो, ट्रॉली लावली की स्टिअरिंग हलकं होतं आणि चढावर ऐकतच नाही." हलके होते, कारण पुढची चाके जमीन सोडू लागलेली असतात. मागचे ओझे नाक वर उचलते. चाके जमिनीला टेकलेलीच नसतील तर बॉक्स सोन्याचा बसवला तरी काय होणार? ओझे कमी करणे, हूक खाली ठेवणे, पुढे वजन लावणे, हेच त्याचे उपाय. गिऱ्हाईकाला हे तोंडावर सांगणारा मिस्त्री त्या दिवसाची मजुरी गमावतो, हे मला माहीत आहे.

पॉवर स्टिअरिंगवाल्या ट्रॅक्टरांबद्दल थोडक्यात. तेलाची पातळी, तेलात फेस आहे का, बेल्टवर चालणारा पंप असेल तर बेल्टचा ताण, आणि सिलिंडरच्या दोन्ही टोकांच्या पिना, एवढे आधी बघावे. इंजिन मंद असताना जड आणि रेस केल्यावर हलके, तर पंपाकडे संशय घ्यावा. गळती हाताने चाचपू नये. दाबाखालचे तेल कातडीत शिरते आणि हात गमावायची पाळी येते. पुठ्ठा धरून बघावे.

आता वेल्डिंग. लेखातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच. आटे झिजलेला ड्रॉप आर्म शाफ्टला वेल्ड करून टाकणे, वाकलेला आर्म गॅसने तापवून सरळ करणे, तुटलेल्या ड्रॅग लिंकला सळीचा तुकडा जोडणे, हे सगळे होते. शेतकरीच म्हणतो, "हंगाम निघू द्या, मग नवं टाकू." तापवलेल्या पोलादाची ताकद जाते आणि वेल्डच्या शेजारी ते तडकते, तडकते तेव्हा आगाऊ कळवत नाही. इंजिन बंद पडले तर ट्रॅक्टर उभा राहतो. स्टिअरिंगची कडी तुटली तर ट्रॅक्टर उभा राहत नाही. ज्या गिऱ्हाईकाला वेल्डच हवे आहे त्याला दुसऱ्या दुकानाची वाट दाखवावी. रोजीचा मालक तो गिऱ्हाईक नाही.

जुन्या ट्रॅक्टरच्या खरेदी-विक्रीत आपले बरेच बांधव दलाल म्हणून किंवा स्वतः उतरले आहेत. विकण्याआधी बॉक्सचा स्क्रू कसून ढिलाई लपवणे, पुढच्या भागाला ताजा रंग देणे, गळक्या हबमध्ये ग्रीस ठोसणे, या त्या बाजारातल्या सर्रास चाली आहेत. घेणाऱ्याने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवून पाहावे. मधे आवळले की स्क्रू कसला आहे हे कळते. पूर्ण ट्रॅक्टर धुळीने भरलेला आणि फक्त ड्रॉप आर्म रंगवलेला असेल तर रंग खरवडून वेल्ड शोधावा. आम्ही कापडवाले तागा वरच्या घडीवरून घेत नाही, उलगडून उजेडात धरतो. आणि विकणाऱ्यासाठी तर मदीनेच्या बाजारातला तो प्रसंग आहेच. प्रेषितांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली. ओला माल वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही असे बजावले. ऐब लपवून विकलेला माल परत करण्याचा ग्राहकाला हक्क आहे, याला आपल्या फिकहमध्ये खियारे-ऐब म्हणतात. धान्य ओले निघाले तर नुकसान पैशाचे होते. इथे माल रस्त्यावर धावतो आणि त्यावर ड्रायव्हरच्या बाजूला मडगार्डवर त्याचे पोर बसलेले असते.

एक गोष्ट मात्र मिस्त्री लोकांच्या बाजूने सांगितली पाहिजे. नुसत्या तपासणीचे पैसे कुणी देत नाही. चाचांनी तासभर खाली वाकून दोष शोधला, एक बॉल जॉइंट बदलला, तर गिऱ्हाईक म्हणतो, "एवढ्याशा कामाचे एवढे?" तोच गिऱ्हाईक बॉक्स खोलून टेबलावर पसरला की मुकाट्याने पाचपट देतो. डॉक्टर नाडी बघायचे पैसे घेतो, वकील सल्ल्याचे घेतो. मिस्त्रीने का घेऊ नयेत? माझे मत असे की, गल्लीतल्या सर्वांनी मिळून तपासणीची एक मजुरी ठरवावी, पाटीवर लिहावी, आणि काम तिथेच केले तर ती बिलात वळती करावी. सोबत एक चिठ्ठी द्यावी: ढिलाई किती इंच होती, कुठे-कुठे सापडली, काय बदलले, काय पुढच्या वेळी बदलावे लागेल. आपली मुले शाळा सोडून गॅरेजमध्ये येतात, त्यांना चार ओळी लिहिण्याची सवयही यातून लागेल. मराठीत लिहा, उर्दूत लिहून गिऱ्हाईकाला वाचता येणार नाही. मी स्वतः उर्दू शाळेत शिकलो, दुकानाच्या वहीसाठी मराठी शिकलो, जमते.

जुने सामान गिऱ्हाईकाच्या हातात देण्याची चाचांची पद्धत आहे. झिजलेला बॉल जॉइंट जुन्या चिंधीत गुंडाळून ते पाटलाच्या हातावर ठेवतात आणि हलवून दाखवायला सांगतात. मग नव्याचा डबा. कंपनीच्या नावाचा नकली माल बाजारात भरपूर आहे, म्हणून डबा गिऱ्हाईकासमोर फोडतात.

दुरुस्तीनंतरचे एक काम मात्र अजून सगळीकडे राहून जाते. ड्रॉप आर्मचा नट, बॉल जॉइंटचे नट, हबचा नट, हे सगळे आठ-दहा तास काम झाल्यावर एकदा पुन्हा तपासायचे असतात, कारण नवे सामान बसताना थोडे जागा सोडते. गिऱ्हाईकाला सांगितले तर तो "येतो" म्हणतो आणि येत नाही. हंगामात त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यामुळे उसाच्या दिवसांत चाचा संध्याकाळी शागिर्दाला मोटरसायकलवर मागे बसवतात, पाने पिशवीत घालतात आणि जिथे ट्रॉल्या भरत असतात त्या फडावर जाऊन एकेक नट तपासून येतात.